पहिली पेटी कीं पहिला कीबोर्ड?

दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो. मूल आठ-नऊ वर्षांचें झालेलें असतें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत एखाद्या सोबत्याला ‘कॅसिओ’ वाजवितांना त्यानें पाहिलेलें असतें. आणि आतां आपल्याही घरीं तसें वाद्य यावें असें त्याला वाटूं लागतें. कॅसिओ हें वास्तविक एका जपानी कारखान्याचें नांव. पण डालड्याप्रमाणें तें आपल्याकडे वस्तूचेंच नांव होऊन बसलें आहे. वडील दुकानांत जातात. दुकानदार एक बटन दाबतो, आणि तबला, ढोलक, बांसरी, व्हायोलिन असा सगळा ताफा एकदम वाजूं लागतो. वडील खूष होतात व वाद्य घरीं येतें. सहा महिन्यांनीं तें कपाटावर जातें, आणि मुलाला गाण्याचा कान नाहीं असा निकाल घरांतली मंडळी परस्पर देऊन टाकतात. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. दोष मुलाच्या कानाचा नसून निवडीचा असतो, आणि त्या निवडीविषयींच मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम एका गोष्टीची मौज सांगतों. ज्या पेटीविषयीं मी नभोवाणीवरून बोलत आहें, त्याच पेटीला नभोवाणीनें १९४० सालीं आपल्या केंद्रांतून बाहेर काढलें होतें. तिच्यावर मींड निघत नाहीं व तिचे स्वर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत, हे तिच्यावरचे आरोप. ही बंदी १९७१ सालापासून सैल होऊं लागली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकानें ज्या वाद्यावर महाराष्ट्राला डोलावयास लावलें, त्याला तीस वर्षें दाराबाहेर उभें राहावें लागलें! तिच्या विदेशीपणाचाही गवगवा त्या काळीं झाला. पेटी मूळची विदेशी हें खरें. पॅरिसच्या देबँ नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु पायानें भाता मारावयाची ती पेटी मांडीशीं घेऊन डाव्या हातानें भाता हालवावयाची केली, ती कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या आपल्याच कारागिरांनीं.

विदेशीपणाचा मुद्दा आपण सोडून देऊं. पण स्वरांवरील आरोप खोटा नव्हता, आणि तो आजच्या विजेच्या कीबोर्डलाही तसाच लागू आहे. या वाद्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली कीं तिच्यांतून गांधार आपोआप ऐकूं येतो. त्या गांधारापेक्षां कीबोर्डचा शुद्ध गांधार अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका चढा असतो. मोठ्या माणसाला हा फरक कळला नाहीं तरी चालतें. पण ज्याचा कान घडावयाचा आहे त्या मुलाला रोज तोच चढा गांधार ऐकविणें बरें नव्हे. म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, वाद्य कोणतेंही घ्या, पण त्याच्या जोडीला तानपुरा असूं द्या. आतां तो फोनमध्येंही मिळतो. मुलानें आधीं तानपुऱ्यावर ‘सा’ गावा, मग पट्टीवर बोट ठेवावें. 

आतां पेटी घ्यावी कीं कीबोर्ड, हें मुलावर जितकें अवलंबून आहे तितकेंच घरावर आणि गांवावरही आहे. उदाहरणासाठीं रायगड जिल्ह्यांतील अष्टमी हें गांव घेऊं. कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहें, दुसऱ्या तीरावर अष्टमी. नगरपालिका मात्र दोघांची मिळून एकच. कोंकणांतल्या अशा गांवीं भजनाची बारी आहे, गणपतींत रात्रीच्या आरत्या आहेत, आणि तेथें पेटी लागते. मुलाला भजनांत बसावयाचें असेल तर त्याला पेटीच द्यावी. भात्याचा दाब कमी-अधिक करून स्वराला लहानमोठें करण्याची जी कला आहे, ती बटनाच्या वाद्यावर शिकतां येत नाहीं. शिवाय आसपास चार पेटीवाले असले म्हणजे मूल त्यांचें पाहून निम्में शिकतें. गुरु ज्या वाद्याचा मिळेल तें वाद्य पहिलें, हा नियम मला तरी सर्व जाहिरातींपेक्षां भरंवशाचा वाटतो.

पण या मुलखाचा पाऊस शंभर इंचांच्या पुढचा. आषाढांत लांकूड फुगतें, पट्ट्या अडकून बसतात, आणि पेटीच्या पोटांतल्या ज्या पितळी जिभांना पेटीवाले ‘सूर’ म्हणतात त्यांच्यावर मळ चढून त्या बेसूर होतात. भात्याचें चामडें झुरळांना आणि उंदरांना विशेष प्रिय असतें. तेव्हां कोंकणांत पेटी घेणाऱ्यानें ती दुरुस्त करणारा माणूस कोणत्या गांवीं राहतो याची चौकशी आधीं करावी. दुहेरी सुरांची, साधी, घट्ट भात्याची पेटी नवशिक्याला पुरे. स्केल-चेंजर, म्हणजे पट्ट्यांची सबंध रांग सरकविण्याची सोय, तिला नसली तर उत्तमच. जितके सरकते भाग अधिक, तितक्या पावसाळ्यांतल्या तक्रारी अधिक.

कीबोर्ड अशा हवेंत पेटीपेक्षां बेसूर होत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण वीज गेली म्हणजे तो मुका होतो, म्हणून बॅटरीच्या सेलांवरही चालणाराच पाहावा. मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांत त्याचा आणखी एक फायदा आहे: कानाला हेडफोन लावून रात्रीं अकरा वाजतांही सराव करतां येतो. हा शेजारधर्म पेटीला साधत नाहीं.

मुलाला पाश्चात्त्य पद्धतीनें दोन्ही हातांनीं वाजवावयाचें असेल, किंवा हिंदी-मराठी चित्रपटांतलीं गाणीं बसवावयाचीं असतील, तर कीबोर्डच योग्य. पेटीवर डावा हात भात्यांत अडकलेला असतो. पण कीबोर्ड घेतांना दुकानदार जें सांगेल तें न ऐकतां जें सांगणार नाहीं तें विचारावें. तो सांगेल, यांत चारशें आवाज आहेत, दीडशें ठेके आहेत. मुलाला पहिलीं दोन वर्षें एकच आवाज लागतो, आणि ठेका त्यानें हातानें मोजावयाचा असतो. आपण विचारावें तें पट्ट्यांविषयीं. त्या पूर्ण रुंदीच्या आहेत ना? बत्तीस किंवा चव्वेचाळीस बारीक पट्ट्यांचें वाद्य स्वस्त असतें, दिसतें गोजिरवाणें. पण त्यावर बोटांचीं अंतरें चुकीचीं बसतात आणि पुढें मोठ्या वाद्यावर तीं सारीं मोडावीं लागतात. एकसष्ट पूर्ण पट्ट्या, म्हणजे पांच सप्तकें, ही माझ्या मतें कमींत कमी मर्यादा. दुसरें, पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि जोरानें दाबली तर मोठा निघतो का? ज्या वाद्यांत हें होत नाहीं त्यावर शिकलेलें बोट बधिर राहतें. याकरितां चार पैसे अधिक पडले तरी द्यावेत, आणि ते आवाजांच्या संख्येंतून खुशाल वांचवावेत.

अलीकडे केरवा-दादरा असे ताल घातलेले कीबोर्ड खास आपल्या देशाकरितां निघतात. ते वाईट नाहींत. पहिलें वर्ष तें बटन झांकून ठेवावें इतकेंच. स्वर सरकविण्याच्या ‘ट्रान्सपोझ’ बटनाचेंही तसेंच. सगळीं गाणीं एकाच पट्टीच्या जागीं वाजवून बटनानें वरखालीं करणाऱ्या मुलाला पांढरी चार आणि काळी एक यांतला बोटांचा फरक कधींच कळत नाहीं.

सिंथेसायझर हा शब्द कीबोर्डच्या जागीं वापरला जातो, पण तें वाद्य निराळें. त्यांत आवाज तयार दिलेला नसतो, तो आपण घडवावयाचा असतो. पुष्कळांत ध्वनिवर्धकही नसतो. मुंबईचे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं अशाच यंत्रांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तिचें कौतुक पुढें कित्येक वर्षांनीं परदेशांत झालें. पण सिंग आधींपासून मुरलेले वादक होते. नवशिक्यानें येथून आरंभ करूं नये. अपवाद त्या मुलाचा, ज्याला गाण्यापेक्षां आवाजाचेंच वेड आहे आणि जो घरांतला रेडिओ उघडून बसतो.

दुकानांत मुलाला बरोबर न्यावें. प्रत्येक पट्टी, काळीसुद्धां, एकेकदां दाबून पाहावी. एखादी खडखडते का, परत वर यावयास वेळ लावते का, तें समजतें. पेटी असेल तर भाता भरून हात काढावा व पट्टी न दाबतां तो किती वेळांत खालीं बसतो तें पाहावें. झटकन बसला तर वारा कोठेंतरी गळतो आहे. जुनें वाद्य घेण्यास हरकत नाहीं, फक्त कीबोर्डचा सेलांचा कप्पा उघडून आंत गंज नाहीं ना तें पाहावें. आणि कोंकणांत राहणाऱ्यांनीं पावसाळ्याआधीं ते सेल आठवणीनें काढून ठेवावेत.