डॉक्टर वर्षातून एकदा, दात रोजचे

(संस्थेच्या मदतनीसांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे आटोपते करून.)



मला विषय दिला होता दंतशिबिराचा अहवाल. तो छापून आपल्या हातात आला आहे, म्हणून मी तो वाचून दाखवत नाही. शिबिर एक दिवसाचे असते. डॉक्टर मंडळी येतात, दुखणारे दात काढतात, काहींत सिमेंट भरतात आणि संध्याकाळी गाडीत बसून परत जातात. उरलेले ३६४ दिवस ते तोंड सांभाळायचे कोणी, ह्याविषयी मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षे वसतिगृहात आणि पाड्यांवर जे पाहतो आणि शिबिराला येणाऱ्या डॉक्टरांकडून जे शिकलो, ते सांगतो.

अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरातून दातांच्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे आधी सडकेपर्यंत पायी, मग जीप, मग एसटी. आजाऱ्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. त्यामुळे दात ठणकू लागला की माणूस आधी घरातच उपाय शोधतो. कोणी तंबाखूची चिमूट दाबून धरतो, तर कोणी अ‍ॅस्पिरिनची गोळी कुस्करून हिरडीवर ठेवतो. त्या गोळीने हिरडी भाजते, पांढरी पडते आणि दुखणे मात्र तिथेच राहते. लहान मुलांना तर अ‍ॅस्पिरिन पोटातही देऊ नये. लवंगेच्या तेलाचा थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन मोठ्यांनी लावला तर थोडा वेळ बरे वाटते, पण आतली कीड आपले काम चालूच ठेवते.

आता 'कीड' ह्या शब्दाने आपला फार घोटाळा केला आहे. पुष्कळांना वाटते, दातात खरोखरच किडा असतो. आठवडी बाजारात दातातला किडा काढून दाखवणारेही भेटतात! किडा नसतो. तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे वरचे कठीण कवच विरघळवते. गोड खाल्ल्यावर अर्धा तासभर तरी हे चालते, मग लाळ हळूहळू ते धुऊन काढते आणि दात थोडा सावरतो. म्हणजे किती गोड खाल्ले ह्यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले ह्याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदा खाल्लेला गुळाचा खडा परवडला, पण दिवसभर चघळलेल्या चार गोळ्या दाताला सावरायला वेळच देत नाहीत. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांचेही तसेच. ती गोड लागत नाहीत, पण त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि जंतूंना तोही पुरतो.

आमोस संदेष्ट्याच्या चौथ्या अध्यायात दातांच्या स्वच्छतेचा उल्लेख आहे, हे आपल्याला आठवत असेल. तिथे त्याचा अर्थ उपासमार असा आहे: दाताला लागायला भाकरीच नव्हती. आमच्या डोंगरात आज परिस्थिती निराळी आहे. दातांचा डॉक्टर पोचायच्या आधी चॉकलेटची बरणी पोचली आहे. रस्ता झाला, दुकान झाले आणि दवाखाना अजून दूरच राहिला.

ह्या बरणीत थोडा वाटा आपलाही आहे, हे प्रेमाने सांगतो, रागावू नका. नाताळ आला, हंगामाचा सण आला, कोणाचा वाढदिवस आला की वसतिगृहात गोळ्या, चॉकलेटे, क्रीमची बिस्किटे पोत्याने येतात. देणाऱ्याचे मन मोठे असते आणि मुलांचे चेहरेही फुलतात. पण ती पोती आठवडाभर पुरतात. मुले खिशात गोळ्या घेऊन वर्गात बसतात आणि रात्री अंथरुणात चघळतात. पुढच्या शिबिरात आठ-नऊ वर्षांच्या मुलाची पक्की दाढ काढावी लागते. शिबिराचा खर्चही आपणच देता. एका हाताने आपण कीड पोचवतो आणि दुसऱ्या हाताने ती काढायचे पैसे देतो, हे बरे नव्हे.

त्या दाढेबद्दल थोडे सांगतो, कारण शिकलेल्या घरांतही हे माहीत नसते. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईला वाटते हीही दुधाचीच, पडेल आणि दुसरी येईल. ती येत नाही. ती दाढ जन्मभराची असते. नवी असताना तिच्यावर खोल खाचा असतात आणि ब्रश मागेपर्यंत जात नाही. म्हणून सर्वांत आधी तीच किडते. घरी नातवंडे असतील त्यांनी आज रात्री तोंड उघडून बघावे. आणि दुधाचे दात पडणारच आहेत, मग कशाला जपायचे, असेही म्हणू नये. ते वीस दात खालच्या पक्क्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. शिवाय दाढ दुखणारे मूल जेवत नाही. आधीच वजन कमी असलेल्या मुलाच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

वसतिगृहात आम्ही काय करतो? रात्रीच्या जेवणानंतर, प्रार्थनेच्या आधी, सगळी मुले नळाशी रांगेत उभी राहतात. वसतिगृहाच्या ताई एक गाणे म्हणायला लावतात आणि ते दोनदा म्हणेपर्यंत, म्हणजे साधारण दोन मिनिटे, ब्रश चालवायचा. सकाळी घासायला कोणाला सांगावे लागत नाही. रात्रीचीच सवय लागत नाही आणि खरी गरज रात्रीची आहे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातावर राहिलेल्या अन्नावर जंतूंना मोकळे रान मिळते. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही, हा आमचा नियम आहे.

पेस्ट फ्लोराईडची हवी. ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, १००० पीपीएमच्या आसपास असावे. लवंग, मीठ, कडुनिंब अशी चित्रे असलेल्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराईड नसते, तेव्हा चित्र पाहून घेऊ नका. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पट्टीही नको. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. मुलाच्या हातात नुसता ब्रश देऊन भागत नाही, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने शेवटचा हात फिरवावा. घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराईड दातावर थोडा वेळ राहते. हे ऐकून आमच्या आजीबाई हसतात!

पाड्यावर मात्र ब्रशाचा उपदेश करत सुटण्यात अर्थ नाही. तिथे कडुनिंबाचे, बाभळीचे दातून आहे आणि ते वाईट नाही. टोक चावून मऊ कुंचला केला आणि हिरडीवर आडवा न रगडता वरून खाली फिरवला, तर दात स्वच्छ होतात. त्यात फ्लोराईड नसते एवढी उणीव आहे, म्हणून रात्री बोटभर का होईना पेस्ट लावा, असे आम्ही सांगतो. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी मात्र सोडायला सांगतो. त्याने दात पांढरा दिसतो, कारण वरचे कवचच घासले जाते.

मशेरी ही सर्वांत अवघड गोष्ट. भाजलेली तंबाखू बायका दात घासायची म्हणून लावतात, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. गरोदर बाईही लावते. सकाळी एकदा लावणारी पुढे दिवसातून चारदा लावते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मशेरी मात्र चुलीवर घरातच भाजली जाते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणे, ह्यांपैकी काही दिसले तर शिबिराची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना. गालावर किंवा जबड्याखाली सूज येऊन ताप आला तरी तेच.

हिरडीतून रक्त येते म्हणून लोक घासणे बंद करतात. उलट तिथे मैल साचलेला असतो म्हणून रक्त येते. मऊ ब्रशाने, हलक्या हाताने घासत राहावे; साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते. नाही झाले तर दाखवावे. आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्यावे, कारण एक बिघडले की दुसरेही आवरत नाही. वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत मी शहरातल्या मंडळीतही ऐकली आहे. दाताचा आणि नजरेचा तसा काही संबंध नाही.

आता एकच विनंती. येत्या नाताळात गोळ्यांच्या पोत्यांऐवजी ब्रश आणि पेस्ट पाठवा. ब्रश तीन महिन्यांत झिजतो, म्हणजे एका मुलाला वर्षाला चार लागतात. मऊ तारांचे, लहान डोक्याचे घ्या, मोठ्यांचे ब्रश मुलांच्या दाढेपर्यंत जात नाहीत. खाऊ द्यायचाच असेल तर शेंगदाणे, फुटाणे, पेरू, केळी द्या आणि जेवणाच्या वेळी द्या. शब्बाथ शाळेच्या मुलांना प्रत्येकी एक ब्रश आणायला सांगितले तरी आमच्या तिमाहीची सोय होईल. ब्रश सुटे, नावे न घालता पाठवा. कोणाचा कोणता हे आम्ही इथे जाड पेनाने लिहितो, कारण सगळ्यांना निळाच हवा असतो.