लेखणी कोणाची, लिखाण कोणाचे?



दीर्घ ग्रंथ लिहावयास घेणारा माणूस प्रथम विचारतो, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? प्रश्नाचा हा क्रमच उलटा आहे. लिखाण कोणत्या स्वरूपात साठवायचे हे आधी ठरावे; साधनाचा विचार नंतर.

या उलट्या क्रमाची किंमत मराठीने मोजली आहे. युनिकोड १९९१ मध्ये आले; परंतु ते रुळेपर्यंत अनेक वर्षे प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक रचना निराळी असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची निरर्थक रांग. शब्द लेखकाचे, किल्ली विक्रेत्याकडे! साधन बदलण्याचा खर्च जितका मोठा, तितका ग्राहक जखडलेला, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथेही लागू पडतो.

यावरचा उपाय म्हणजे साधा मजकूर. मांडणीच्या खुणाही त्यातच अक्षरांनी लिहिलेल्या. स्वतःच्या ग्रंथाच्या अक्षरजुळणीने असमाधानी झालेल्या डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ची रचना आरंभिली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर ‘लाटेक’ उभारले. जॉन ग्रूबर यांच्या २००४ च्या ‘मार्कडाऊन’मध्ये शीर्षकापूर्वी हॅशचे चिन्ह दिले की पुरते. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचे २००६ चे ‘पँडॉक’ अशा मजकुरातून छापील पानेही सिद्ध करते आणि ई-पुस्तकही.

निवडीच्या कसोट्या तीन. तीच फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडते काय? प्रकरणे वेगळ्या फायलींत ठेवून अखेरीस जोडता येतात काय? तळटीपा, कोष्टके आणि परस्परसंदर्भ त्या खुणांत मावतात काय? सूत्रे व कोष्टके विपुल असतील तर लाटेक बरे; सरळ गद्यास मार्कडाऊन व पँडॉक पुरेसे.

हा मार्ग फुकटचा नाही. खुणा शिकण्यास श्रम पडतात. मुद्रक बहुधा वर्डची फाईल मागतो. पँडॉक ती करून देते. पण तिच्यात झालेल्या दुरुस्त्या मूळ प्रतीत आपोआप उतरत नाहीत, त्या पुन्हा घालाव्या लागतात. तरीही हे श्रम लेखकाच्या स्वाधीन असतात; बंद पडलेल्या कंपनीची फाईल उघडणे त्याच्या हाती नसते.

म्हणून सारा ग्रंथ लिहिण्यापूर्वी एकच प्रकरण लिहावे आणि ते दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावे. ते वाचता आले, तर लिखाण लेखकाचे. न आले, तर ते अद्याप दुसऱ्याच्या कुलुपात आहे.