बोटभर सरड्याचे बिऱ्हाड

टांझानियातील उसांबारा व उलुगुरू डोंगरांच्या रानात, पालापाचोळ्यात, बोटभर लांबीचा ठेंगणा घोयरा सरडा राहतो. २०१७ पासून त्याच्या परदेशी व्यापारास परवाना लागतो. युरोप-अमेरिकेतले शौकीन त्याला काचेच्या पेटीत पाळतात. आणि जीव लहान म्हणून कित्येकदा दोन नर एकत्र ठेवतात. चावाचावी दिसली नाही, की मालक म्हणतो, गुण्यागोविंदाने नांदताहेत! परंतु दबलेला नर काळवंडतो, अन्न टाकतो, झुरत जातो. रानात त्याला दूर निघून जाता येते. पेटीत वैरी अष्टौप्रहर डोळ्यांसमोर! आडपडद्याची किंमत चाळीत वाढलेल्यांना आम्ही काय सांगावी? तेव्हा प्रत्येक नराला स्वतंत्र पेटी द्यावी, आत दाट झुडपे लावावीत, आणि दोन पेट्या शेजारी असल्या तर मध्ये पुठ्ठा उभा करावा.