पेटीतले खण

मागच्या बैठकीत मी म्हटलं होतं, घरात पडून असलेलं कापड घेऊन या. आपल्या गटातल्या एका काकूंनी लोखंडी पेटीच्या तळातून सात खण आणले. ओटीत आलेले, वीसेक वर्षं घडीसुद्धा न मोडलेले. डांबरगोळ्यांचा वास नुसता नाकात जात होता. म्हणाल्या, "नातीला परकर-पोलकं शिव." मी विचारलं, तुम्हाला नको का काही? "मला कोण घालू देतंय आता?" मालक गेल्यापासून ते खण तसेच होते.

आधी कापडाचं सांगते. जुन्या कापडाला लगेच कात्री लावू नका. उजेडासमोर धरा आणि घडीच्या रेषेवर दोन्ही हातांनी ताणून बघा. कापड आधी घडीवरच विरतं. सातातले दोन तिथंच टर्रकन फाटले. बरंच झालं म्हणायचं, शिवल्यावर फाटले असते तर मेहनत पाण्यात गेली असती. बाकीचे वेगवेगळ्या बादल्यांत गार पाण्यात भिजवले. हिरव्याचा रंग सुटला, तो एकटाच दोनदा धुतला. सुती कापड आणि अस्तर दोन्ही शिवण्याआधीच आटू द्या. सावलीत वाळवा, जरा ओलसर असतानाच इस्त्री फिरवा.

विरलेली रेषा कातरणात जाईल असं बेतायचं. सुई अकरा नंबरची घ्या आणि टाका थोडा मोठा ठेवा. बारीक टाक्यानं जुन्या कापडाला भोकांची रांग पडते, मग तिथूनच ते फाटतं. जुनी रीळ असेल तर तिचा दोराही ताणून बघा.

नातीचं परकर-पोलकं चार खणांत झालं. हिरवा राहिला. एक जण हळूच म्हणाली, लोक काय म्हणतील? मी हेरवाडचं सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात शासनानंही सगळ्या गावांसाठी परिपत्रक काढलं. काकू म्हणाल्या, "तो कागद आमच्या जाऊबाईंना दाखव." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यांचं खोटं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "बाह्या कोपरापर्यंत होतील का?"

एका खणात होत नव्हत्या. मग फाटलेल्या दोन खणांतला धड भाग काढून बाह्यांना जोड दिला. तो जांभळा होता, हिरव्यावर उठून दिसतो. काकूंनी ते पोलकं पहिल्यांदा खुरपणीला घातलं, वर जुनं लुगडं. मंगळवारी बैठकीला घालून आल्या. शिलाई राहू द्या म्हटलं तर रागावल्या, आणि कनवटीचे पैसे काढून माझ्या हातावर ठेवले.