चिंबोरीचे माप

मंडळी, चिंबोरीचे कालवण कसे करावे हे आम्ही तुम्हाला काय शिकवणार? आज बोलायचे आहे ते ती धरण्या-विकण्याच्या कायद्याबद्दल.

आपल्या खाडीच्या चिखलातली मोठी चिंबोरी दूर ऑस्ट्रेलियातही मिळते. तिथे क्वीन्सलँड नावाचे राज्य आहे. तिथला कायदा म्हणतो, मादी धरायचीच नाही. पिंजऱ्यात आली तर इजा न करता पाण्यात सोडायची. नराचे कवच रुंदीला १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सहा इंच भरले पाहिजे. हौसेने धरणाऱ्याने सातापेक्षा जास्त जवळ बाळगायची नाहीत, आणि त्यातले एकही विकायचे नाही. विक्री फक्त परवानेवाल्याची.

नर-मादी ओळखणे सोपे. चिंबोरी उलटी करा. पोटावरची पट्टी अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोल असेल तर वयात आलेली मादी.

मादीलाच का सोडायचे? एक नर अनेक माद्यांना पुरतो. मादी मात्र खाडी सोडून समुद्रात जाते आणि लाखो अंडी पोटाखाली घेऊन वागवते. पुढे त्यांतली थोडीच पिल्ले जगून खाडीत परततात. तीच आपली उद्याची चिंबोरी.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, गाभोळीच्या चिंबोरीलाच तर भाव जास्त!" खरे आहे. खाणाऱ्याला तीच गोड लागते. पण ती समुद्रात पोचायच्या आधीच टोपलीत आली, तर तिची सारी अंडी गेली. भाव एकदाच मिळतो.

आपल्या राज्यात सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा आहे. जून-जुलैच्या पावसाळ्यात यंत्राच्या होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. वल्ह्या-शिडाच्या होडीला ही बंदी नाही. २०२३ साली सरकारने ५४ जातींच्या मासळीची कमीत कमी मापे ठरवली. त्याहून लहान मासळी धरू नये, असा नियम आहे.

आपण धरतो त्या चिंबोरीला कोणते माप लागते, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन विचारा. नुसते ऐकून येऊ नका, कागदावर लिहून आणा. आता लिहिता येते ना? शहरातला व्यापारी होडीपाशी येऊन म्हणतो, "लहान-मोठे सगळे चालते, टाका टोपलीत." तेव्हा तो कागद काढून त्याला वाचून दाखवा. दंड भरायची पाळी आली, तर तो व्यापारी तुमच्याबरोबर कचेरीत येणार नाही.