परसातील कोंबड्या एकमेकींची पिसे का उपटतात?



वालीव परिसरात कारखाने व वस्ती वाढली, परसे आखडली आणि मोकळी फिरणारी कोंबडी खुराड्यात आली. अशा ठिकाणी कोंबड्यांची पाठ व शेपटीचे बूड उघडे पडलेले दिसले, तर पिसे कोण उपटते ते पाहावे. वर्षातून एकदा पिसे आपोआप झडतात. ती गोष्ट वेगळी.

माती उकरून दाणा-किडा टिपणे हा कोंबडीचा पिंड आहे. बंद जागेत उकरायला काही नसले की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. गर्दी, प्रखर उजेड, खाद्यात प्रथिने किंवा मिठाची कमतरता आणि अंगावरील उवा यांमुळे ही खोड वाढते. एकीचे पाहून दुसरी शिकते. रक्त दिसले की सगळ्या तुटून पडतात व कोंबडी दगावते.

म्हणून जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी करावी आणि जखम भरल्यावरच परत सोडावी. प्रत्येक मोठ्या कोंबडीस निदान २ चौरस फूट जागा द्यावी. जमिनीवर भाताचे कोरडे तूस पसरून त्यात मूठभर दाणे टाकावेत. पालेभाजीची जुडी चोच पोहोचेल अशी टांगावी. धूळस्नानासाठी कोरडी माती व राख ठेवावी. नुसत्या कण्यांवर भागवू नये. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने हवीत.

चोचीचे टोक कापल्याने इजा कमी होते, पण मूळ कारण तसेच राहते. चोचीला काम द्या, पिसे शाबूत राहतील.