सज्ञान होण्याची पूर्वतयारी

1875 च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार वयाची 18 वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान, म्हणजे स्वतःच्या नावाने करार करण्यास आणि स्वतःच्या मालमत्तेचा व्यवहार पाहण्यास पात्र ठरते. 1989 साली अमलात आलेल्या 61व्या घटनादुरुस्तीनंतर मतदानाचा हक्कही 21 ऐवजी याच वयात मिळू लागला. कायद्याने हा बदल एका दिवसात घडतो, परंतु निर्णय घेण्याची आणि त्याचे परिणाम पेलण्याची कुवत एका दिवसात येत नाही. आठवी ते बारावी या वर्षांत पालकांनी आपल्या हातातील निर्णय एकेक करून मुलांच्या हाती सोपवले, तरच ती कुवत अंगी बाणते.

महाराष्ट्रात या तयारीला प्रत्यक्षात आणखी कमी अवधी मिळतो. दहावीपर्यंत शाळेची हजेरी, वर्गशिक्षकांची देखरेख आणि क्लासचे वेळापत्रक यांनी मुलाचा दिवस आखलेला असतो. त्यानंतर साधारण सोळाव्या वर्षी कनिष्ठ महाविद्यालय, अभियांत्रिकीची पदविका देणारे तंत्रनिकेतन किंवा हातातले कसब शिकवणारी आयटीआय यांतून वाट निवडावी लागते, आणि खेड्यापाड्यांतील अनेक मुलामुलींना त्यासाठी घर सोडून वसतिगृहात राहावे लागते. ज्याचा अभ्यास तोवर इतरांनीच आखून दिला, असा विद्यार्थी बुद्धी असूनही अकरावीच्या मोकळिकीत गोंधळून मागे पडतो.

नियोजन, संयम आणि परिणामांचा विचार यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या पुढील भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. म्हणून या वयात होणारी प्रत्येक चूक हा स्वभावदोष मानणे अन्यायाचे आहे, मात्र त्यावरून मुलाला कोणताच निर्णय घेऊ देऊ नये, असेही ठरत नाही. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांतील अंतराला सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. पालकांची मदत या क्षेत्रातच सार्थ ठरते: जे मुलाला जमते ते त्याच्यावर सोपवावे, जे जमत नाही तेथे सोबत करावी, आणि जमू लागताच बाजूला व्हावे.

याचा आरंभ अभ्यासापासून करता येतो. आठवडाभराचे वेळापत्रक मुलाने स्वतः मांडावे आणि रविवारी त्यातले काय साधले, काय राहिले, एवढेच पालकांनी त्याच्यासोबत पाहावे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिला होता; म्हणजे वाचताना येणारा आत्मविश्वास फसवा असतो आणि स्वतःची परीक्षा स्वतः घेण्याची सवय खरी उपयोगाची ठरते. या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकून झोप उशिरा येते, तरीही आठ ते दहा तासांची झोप लागतेच. परीक्षेच्या काळात ती तोडणे म्हणजे केलेला अभ्यासच दुबळा करणे होय.

अभ्यासाबाहेरची तयारीही तितकीच मोलाची आहे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 साली बँकांना दिली. त्या खात्यातून महिन्याचा ठरावीक खर्च मुलाने सांभाळला, प्रवेशाचा अर्ज स्वतः वाचून भरला, दवाखान्यात आपला त्रास स्वतः सांगितला, तर व्यवहार त्याच्या अंगवळणी पडतो. स्वयंपाक मुलीनेच शिकावा आणि बँकेचे काम मुलानेच पाहावे, ही वाटणी दोघांनाही अपुरे ठेवते, म्हणून ती घरातूनच मोडली पाहिजे.

सोपवलेल्या निर्णयांपैकी काही चुकतील, एखाद्या विषयात गुण घसरतील, प्रसंगी पुरवणी परीक्षाही द्यावी लागेल. अशा वेळी सोपवलेले सारे परत काढून घेतले, तर मूल चूक लपवायला शिकते. काय घडले आणि पुढे काय करायचे, हे त्याच्याच तोंडून शांतपणे ऐकून घेतले, तर ते चूक दुरुस्त करायला शिकते. अठराव्या वर्षी कायदा जे हक्क देणार आहे, ते जबाबदारीने वापरण्याचे शिक्षण पालकांच्या डोळ्यांदेखत, चूक सावरता येण्याजोगी असतानाच व्हावे, हेच मुलांच्या हिताचे आहे.